अर्धे शटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्याकडे दूध घालणारे मामा बेडगहून नातीला घेऊन मिरजेला आले. नात बारावी झालेली, पुढच्या प्रवेशासाठी एक सरकारी दाखला हवा होता. साडेदहाला दोघे केंद्रावर पोचले. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती, 'साइट अंडर मेंटेनन्स'. मामांना ती वाचता येण्याचा प्रश्न नव्हता. नातीने वाचली, पण त्यात वाचण्यासारखे होते काय? कधीपासून, कधीपर्यंत, का, काही नाही. "सर्व्हर डाऊन आहे मामा, जरा थांबा," मुलगा म्हणाला. ते 'जरा' संध्याकाळी साडेपाचला संपले आणि केंद्राला कुलूप लागले. मामा पासष्टीच्या पुढचे आणि नात मुलगी, त्यामुळे एसटीत दोघांनाही अर्धे तिकीट. दिवस मात्र पुरा गेला.

दाखला कोणता आणि खाते कोणते हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर उद्या तिथल्या एखाद्या कंत्राटी मुलाला नोटीस निघेल आणि प्रकरण मिटले असे समजले जाईल. अशा खुर्चीत मी स्वतः बसले आहे. एका बँकेत ३४ वर्षे नोकरी झाली, त्यातली शेवटची पंधरा संगणक विभागात. रात्री डेटाबेस, म्हणजे सगळ्या खात्यांची संगणकातली वही, बंद करणे, दुरुस्ती करणे आणि सकाळी शाखा उघडायच्या आत तो चालू करणे, हेच माझे काम होते. तेव्हा 'बंद का ठेवता' असे विचारणारे हे पत्र नाही. बंद ठेवावाच लागतो. तो कसा बंद करावा, याबद्दल मला लिहायचे आहे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. सर्व्हर 'बंद पडणे' वेगळे आणि 'बंद ठेवणे' वेगळे. आपल्या मराठीत हा फरक किती सरळ आहे! गाडी बंद पडते, दुकान बंद ठेवतात. पडले तर कोणाचा इलाज नसतो, चालायचेच. ठेवले तर ते कोणीतरी ठरवून ठेवलेले असते, त्याला वेळ असते, कारण असते आणि त्याची जबाबदारीही कोणावर तरी असते. 'सर्व्हर डाऊन' या शब्दाने हा फरक पुसून टाकला. आता ठरवून केलेली दुरुस्तीसुद्धा लोक पावसासारखी सोसतात. आणि खरे सांगायचे तर खात्यांनाही ते सोयीचेच पडते.

मी १९८३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागले तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. लेजर होती, म्हणजे खातेवह्या, एकेक दोन्ही हातांनी उचलावे लागे असे. दुपारी व्यवहाराची वेळ संपली की आमचा शिपाई उठून शटर अर्धे ओढायचा. या अर्ध्या शटरला मोठा अर्थ होता. जे आत आले आहेत त्यांचे काम पूर्ण होणार, टोकन घेतलेल्याला पैसे मिळणार. बाहेरचा नवा माणूस मात्र आत येणार नाही. कोणी वाकून आत डोकावलाच, तर शिपाई म्हणायचा, "उद्या दहाला या." त्याला वेळ ठाऊक असायची आणि तो ती सांगायचा. शेवटचे गिऱ्हाईक वाकून बाहेर पडले की शटर पूर्ण खाली. मग कॅश मोजणे, व्हाउचर लावणे, डे बुक लिहिणे आणि बॅलन्स जुळवणे. पाच पैशांचा फरक असला तरी घरी जायला मिळत नसे. रोजचे हे असे, आणि वर्षातून एकदा तर लोकांसाठी बँक दिवसभर बंद, वार्षिक हिशेबासाठी. त्याबद्दल कोणी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. कॅलेंडरवर छापलेलेच असते ना.

पुढे वह्या गेल्या आणि संगणक आले. आधी एकेका शाखेत वेगवेगळे आणि मग सगळ्या शाखा एका डेटाबेसवर. आमच्या विभागातल्या ४१ शाखा एकाच ठिकाणी लिहायच्या. म्हणजे ४१ गावांतले तीनशे-साडेतीनशे लोक एकाच अवाढव्य लेजरमध्ये एकाच वेळी पेन चालवताहेत असे समजा. आता या लेजरची पाने कधीतरी नीट लावायला नकोत? जुने व्यवहार बाजूला काढायचे असतात, शोधयादी नव्याने बांधायची असते, प्रोग्रामची नवी आवृत्ती घालायची असते, आणि त्याआधी सगळ्याची एक पूर्ण नक्कल काढून ठेवायची असते. त्या नकलेला आम्ही बॅकअप म्हणतो. नवीन काही बिघडले तर परत जायचे ठिकाण तेच. यातली बरीच कामे आता चालू डेटाबेसवरही करता येतात, हे मला माहीत आहे. सगळी येत नाहीत. तक्त्याची रचना बदलताना कोणीतरी त्यातच लिहीत असेल तर काय होते, ते मी भोगले आहे.

२००६ साल, दिवाळीच्या आधीचा शनिवार. रात्री नव्या आवृत्तीचे काम होते. गर्दीच्या दिवसांत हे नको असे मी तेव्हा बजावले होते, असे आज लिहायला फार आवडले असते. पण बजावले नव्हते. मुख्य कार्यालयातून तारीख आली आणि मी ती वहीत उतरवून घेतली.

आमची प्रणाली ओरॅकल नावाच्या डेटाबेसवर होती. त्यात 'रिस्ट्रिक्टेड सेशन' नावाची सोय आहे. तो हुकूम दिला की खास परवानगी असलेल्यांखेरीज कोणालाही नव्याने आत येता येत नाही. रात्री नऊ वाजता मी तो हुकूम दिला. माझ्या मनात दार बंद झाले. नऊ चाळीसला बॅकअप पूर्ण झाला आणि नव्या आवृत्तीच्या तयारीला लागलो. डबे उघडले, चहा झाला. अकराच्या पुढे प्रत्यक्ष काम सुरू केले, एक वाजता ते फसले. कारण आता महत्त्वाचे नाही, जागा कमी पडली होती. मग ठरल्याप्रमाणे नऊ चाळीसचा बॅकअप परत चढवला, पहाटे चारला सगळे पूर्ववत झाले आणि आम्ही घरी गेलो. रविवारी मी फराळाच्या चकल्या केल्या.

सोमवारी सकाळी एका शाखेतून फोन. साखर कारखान्यातल्या कामगारांचा दिवाळीचा बोनस जमा व्हायचा होता, एकूण २१८ खाती. बायका पिशव्या घेऊन काउंटरसमोर उभ्या, बाजार करायचा म्हणून. आणि निम्म्याहून अधिक खात्यांत बोनस दिसत नाही! शाखेतले अधिकारी म्हणत होते, "मॅडम, मी शनिवारी रात्री स्वतः बसून पोस्ट केलंय, व्हाउचरवर शिक्का आहे." मी म्हणत होते, "सिस्टिममध्ये एंट्रीच नाही, तर कसलं पोस्ट केलंय?" दोघांचा आवाज चढला. आणि दोघेही खरे बोलत होतो.

झाले असे होते. हा हुकूम नव्यांना अडवतो, पण आधीच आत बसलेल्यांना उठवत नाही. ते गृहस्थ दुपारपासून आत होते. मी दार लावले तेव्हा ते आतच होते. आत असलेल्याला दार लागल्याचे कळतही नाही, त्याचा पडदा नेहमीसारखाच चालतो. ते पावणेअकरापर्यंत भले प्रामाणिकपणे एंट्र्या करत राहिले, शिक्के मारत राहिले आणि समाधानाने घरी गेले. माझा बॅकअप नऊ चाळीसचा. म्हणजे फोटो काढून झाल्यावर जे चौकटीत आले त्यांना फोटोत कसे शोधणार? तो फोटो मी परत भिंतीवर लावला आणि त्यांचे तासाभराचे काम जगातून नाहीसे झाले.

व्हाउचरच्या गठ्ठ्यावरून सगळे पुन्हा लिहिले. त्यात काही एंट्र्या नऊ चाळीसच्या आतल्या होत्या, त्या दोनदा पडू नयेत म्हणून एकेक ताडून पाहायची. दुपारचे चार वाजले. त्या बायका तोवर थांबल्या होत्या. एकीने मला फोनवर विचारले होते, "बाई, पैसे बुडाले का?" तो प्रश्न मी विसरलेले नाही.

म्हणून शटरची गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते. आमच्या शिपायाला जे कळत होते ते मला त्या रात्री कळले नाही. नव्यांना अडवणे हे अर्धे काम. आत कोण राहिले ते फिरून बघणे, त्यांना सांगणे, त्यांचे काम पुरे होऊ देणे किंवा निदान ते पुरे झाले नाही हे त्यांना कळू देणे, हे उरलेले अर्धे. त्यानंतर मी एक पद्धत पाडली. अर्धा तास आधी प्रत्येकाच्या पडद्यावर सूचना. मग नव्यांना दार बंद. मग आत कोण आहे याची यादी काढायची आणि एकेका शाखेला फोन. "दोनच एंट्र्या राहिल्यात मॅडम," असे म्हणणाऱ्याला त्या दोन करू द्यायच्या. यादी कोरी झाली की मगच बॅकअप. यात रोज पाऊण तास जायचा आणि आमचे साहेब कुरकुर करायचे. करोत.

कुरकुरीचा दुसरा प्रकार अधिक त्रासाचा. सांगितल्याशिवाय राहवत नाही. खास परवानगीची यादी सुरुवातीला तीन नावांची होती, मी आणि माझे दोन सहकारी. मग एका रात्री एका वरिष्ठांचा फोन, "एकच डीडी काढायचाय हो, पार्टी समोर बसलीय." त्यांचे नाव घातले. मग दुसऱ्यांना कळले, त्यांना मानाचा प्रश्न वाटला. ऑडिटवाल्यांनी एकदा मागितली, ती परत काढायची राहून गेली. एक गृहस्थ निवृत्त झाले तरी त्यांचे नाव यादीत शिल्लक. वर्षअखेरीस मोजली तेव्हा २७ नावे! बंद दाराला सत्तावीस किल्ल्या. मी त्या सगळ्या एका दुपारी काढून टाकल्या आणि पुढे तीन महिने माझ्याशी कोण कोण बोलत नव्हते ते सांगत बसत नाही. पण मामा केंद्रावर दिवसभर बसले होते त्या दिवशी, त्याच 'मेंटेनन्स'मध्ये, कोणाकोणाची कामे आतून झाली असतील, ही शंका माझ्या मनात आल्याशिवाय राहिली नाही. पुरावा काही नाही. सवयीने आलेली शंका आहे.

आता, नीट बंद कसे करतात याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण रोज रात्री पावणेबाराला बंद होते आणि बारा वीसला उघडते. इतकी वर्षे रोज बंद होते, तरी त्यावरून कुठे आरडाओरडा ऐकला? सगळ्यांना वेळ पाठ आहे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, आईचे महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकीट तोच काढतो. उन्हाळ्यात त्याच्याकडे ही वेळ दुपारी सव्वादोन ते दोन पन्नास अशी येते, म्हणजे आपली मध्यरात्र त्याच्या जेवणानंतरच्या वेळेत. तोही ती धरून चालतो. वेळ गैरसोयीची असली तरी चालते. ती माहीत नसली की चालत नाही.

दुसरे उदाहरण रिझर्व्ह बँकेचे. बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या सोयींपैकी 'एनईएफटी' १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झाली, 'आरटीजीएस' १४ डिसेंबर २०२० पासून. म्हणजे देशभराचे पैसे ज्यातून जातात त्या यंत्रणेला आता रोजची रात्रही उरली नाही. मग दुरुस्ती कधी करायची? २०२१ च्या एप्रिलमध्ये आरटीजीएसचे काम काढले, तेव्हा १८ तारखेचा रविवार निवडला, मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत. आधी जाहीर केले आणि सांगितले, की एनईएफटी या काळात चालू राहील. पुढच्या महिन्यात एनईएफटीचे काम काढले, २३ मे, पुन्हा रविवार, पुन्हा दुपारी दोनपर्यंत, आणि या वेळी आरटीजीएस चालू. एक दार लावताना दुसरे उघडे ठेवले. बँकांनी ग्राहकांना कळवावे असेही त्यात बजावले होते. माझ्यासारखीला हे वाचून एखादी चांगली बंदिश ऐकल्याचे समाधान मिळते. (मिरजेची आहे, एवढे चालवून घ्या.)

त्यात आणखी एक बारकावा. दुरुस्तीच्या वेळी लिहिणे थांबवावे लागते, वाचणे दर वेळी थांबवावे लागत नाही. रात्री बारा वाजता बँकेचे दिवसअखेरीचे काम चालू असतानाही एटीएममधून पैसे येतात, ते कसे? त्या वेळेपुरती शिलकीची एक नक्कल एटीएमच्या यंत्रणेकडे दिलेली असते. ती नकलेवरून, ठराविक मर्यादेत, पैसे देते, टिपून ठेवते आणि मूळ लेजर उघडले की टिपण तिकडे पाठवते. आमच्या सगळ्या रात्री यावर निभावल्या. मग नवा अर्ज घेणे थांबले असेल, पण आधी निघालेल्या दाखल्याची प्रत काढणे, अर्ज कुठवर आला ते पाहणे, नियम वाचणे, एवढे तरी नकलेवरून चालू का राहू नये? त्या दिवशी केंद्रावर मामांसोबत आणखी दहा-बारा जण होते. त्यातल्या निम्म्यांना फक्त जुनी प्रत हवी होती, असे नात सांगत होती. एका न करता येणाऱ्या कामासाठी चार करता येणारी कामे अडवली, याला दुरुस्ती म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

अर्ध्यावर सापडलेल्यांचे काय, हा तर वेगळाच त्रास. अर्ज भरून झाला, फी खात्यातून गेली आणि तेवढ्यात शटर पडले. पावती नाही आणि पैसेही नाहीत. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात नियम घालून दिला आहे. व्यवहार फसला तर पैसे किती दिवसांत आपणहून परत यावेत हे प्रकारानुसार ठरवले आहे आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, ग्राहकाने न मागता. असा धाक असला की यंत्रणा शटर ओढण्याआधी आत कोण आहे ते बघायला शिकते. शिक्षेने शिकू नये असे नाही, मीही फटका खाऊनच शिकले.

आणि मुदतीचे? आपल्याकडे २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा मिळालीच पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येते. चांगला कायदा आहे. पण त्यातले दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज घेणारे दारच बंद असेल तर पहिला दिवस उजाडतच नाही. म्हणजे कागदोपत्री खात्याकडून उशीर झालाच नाही, उशीर झाला तो फक्त मामांना. तिकडे प्रवेशाची शेवटची तारीख आपल्या जागी उभी. सर्व्हर ठरवून बंद ठेवला तितके तास शेवटच्या तारखेत आपोआप मिळवावेत, यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत. हिशेब यंत्राजवळच असतो, कधी बंद केला आणि कधी उघडला याची नोंद सेकंदासकट राहते.

वेळ निवडण्याबद्दल मी कोणाला शिकवावे? बोनसची रात्र निवडू देणारी मी. तरी पंढरपूर आमच्यापासून जवळ आहे म्हणून आठवले. एरवी देवाची रोज शेजारती होते, दार लागते. आषाढीला मात्र देवाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात आणि रात्रंदिवस दर्शन चालू राहते. यात्रा ओसरली की मग प्रक्षाळपूजा. देवाला ऊन पाण्याचे स्नान, गाभारा धुऊन स्वच्छ, आणि त्यानंतरच रोजचे उपचार पूर्ववत. साफसफाई चुकवलेली नाही, फक्त गर्दी जाण्याची वाट पाहिली आहे. शाळा-कॉलेजांचे प्रवेश चालू असताना, भर जुलैत, कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला ज्याने दुरुस्ती काढली त्याने एकदा वारीच्या वेळी पंढरपूरला जाऊन यावे.

संपादक महाशय, आता तुमच्याकडे येते, कारण काम तुमच्याकडेच आहे. माझी मुलगी डोंबिवलीत राहते. तिच्याकडे गेले की रविवारच्या पेपरात मी मेगाब्लॉकची, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कधी बंद त्याची, चौकट आवर्जून वाचते. मध्य रेल्वे, माटुंगा ते मुलुंड, अमुक मार्गावर, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. कुठल्या गाड्या धीम्या मार्गावरून जातील, कुठे थांबतील, कुठे थांबणार नाहीत. हार्बरवर कुठून कुठे गाड्या बंद, पश्चिमेला ब्लॉक आहे की नाही. सात-आठ ओळींत सगळे. ११.०५, अकरा नव्हे! मुंबईकर मेगाब्लॉकला शिव्या देतो, पण त्या चौकटीवर भरवसा ठेवून लग्नाला कधी निघायचे ते ठरवतो. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असले की कोणत्या पेठेत कधीपासून बंद ते छापून येते. वीज जाणार असेल तर मोबाइलवर संदेश येतो. रूळ, पाणी आणि वीज यांना जी शिस्त आहे ती सर्व्हरला का नसावी? दाखले, उतारे, अर्ज, फी सगळे तिथेच नेऊन ठेवले आहे ना आता?

तुमच्या दैनिकात बाजारभावाच्या पानावर एक चौकट द्या, इतकीच मागणी. पुढच्या आठवड्यात कोणती सरकारी संकेतस्थळे कधी बंद राहतील, कधी उघडतील, त्या वेळात काय चालू राहील. माहिती खात्यांकडून मागवा. देणार नाहीत त्यांच्या नावापुढे 'माहिती दिली नाही' असे छापा, दुसऱ्या आठवड्यात देतील. आणि सूचना मराठीत असू द्या. केंद्रावरच्या मुलाने ती कागदावर छापून सकाळीच दाराला लावली तर बेडगचा माणूस दारातून परत फिरेल, आतल्या बाकावर दिवस काढणार नाही.

मामांना दाखला मिळाला, दुसऱ्या खेपेला. नातीचा प्रवेशही झाला, काठावर. ती पेढे द्यायला आली होती तेव्हा मला विचारत होती, "आजी, बंद ठेवणार हे त्यांना आदल्या दिवशी माहीत नव्हतं?"

माहीत होते. मी तिला खरे ते सांगितले. असे काम निघते तेव्हा आठवडाभर आधी एक कागद फिरतो. काम काय, सुरू कधी, संपणार कधी, फसले तर मागे कसे यायचे, आणि खाली दोघा-तिघांच्या सह्या. माझ्याकडे असे शेकडो कागद झाले असतील. त्या कागदाची एक प्रत तुमच्या कचेरीत आली की चार ओळींची बातमी होते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी,
मिरज